मोठ्या कामगार कपातीनंतर कारखाना पुन्हा उभा राहतो का?

चाकणजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीतील तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न असा आहे: निस्सान या जपानी मोटार कंपनीने मे २०२५ मध्ये जगभरातील २०,००० नोकऱ्या कमी करण्याचे आणि १७ कारखान्यांवरून १० कारखान्यांवर येण्याचे जाहीर केले. इतकी माणसे कमी केल्यानंतर एखादी उत्पादक कंपनी खरोखर सावरू शकते का, की अशी कपात म्हणजे शेवटाची सुरुवातच मानावी? प्रश्नात कुतूहलाबरोबर काळजीही आहे, कारण त्यांच्या स्वतःच्या कंपनीतही स्वेच्छानिवृत्ती योजनेची कुजबुज सुरू झाली आहे.

मी पुणे परिसरात आधी प्रेस शॉप (पत्र्याचे भाग दाबून घडवण्याचा विभाग) आणि टूलरूममध्ये (साचे-हत्यारे बनवण्या-दुरुस्तीच्या विभागात), पुढे उत्पादनप्रमुख म्हणून आणि शेवटची काही वर्षे अडचणीत आलेल्या कारखान्यांचा सल्लागार म्हणून काम केले आहे. कपातीच्या याद्या तयार होत असताना मी त्या खोलीत बसलो आहे आणि त्या याद्यांतील माणसांच्या घरीही गेलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की कंपनी सावरू शकते आणि पूर्वी अनेक कंपन्या सावरल्याही आहेत. मात्र त्यांना सावरणारी गोष्ट कपात नव्हती. कपातीने मिळते ती फक्त उसंत. ही उसंत फार तर दीड-दोन वर्षांची असते, तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत जबर असते आणि त्या अवधीत कंपनीने काय केले यावर पुढचे सारे अवलंबून राहते. निस्सान हे याचे अतिशय बोलके उदाहरण आहे, कारण पंचवीस वर्षांच्या अंतराने या कंपनीवर हा प्रसंग दोनदा आला.

पहिला प्रसंग १९९९ सालचा. फ्रान्सच्या रेनो कंपनीने त्या वर्षी मार्चमध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर घालून निस्सानचे ३६.८ टक्के शेअर घेतले, तेव्हा निस्सानवर सुमारे २ लाख कोटी येनचे कर्ज होते आणि मागची बहुतेक वर्षे तोट्यात गेली होती. जपानमधील तिच्या कारखान्यांची क्षमता वर्षाला सुमारे २४ लाख मोटारींची होती, परंतु बाहेर पडत होत्या जेमतेम १३ लाख. कारखाना चालवलेल्या कोणालाही या दोन आकड्यांवरून दुखणे कळते. अर्धा कारखाना रिकामा असला तरी भट्ट्या तापलेल्या ठेवाव्या लागतात, कॉम्प्रेसर चालू असतो, विजेचा स्थिर आकार भरावा लागतो, यंत्रांचा घसारा थांबत नाही आणि हा सगळा भार तयार होणाऱ्या प्रत्येक गाडीवर दुपटीने बसतो. अशा वेळी केवळ माणसे कमी केली आणि छप्पर तेवढेच ठेवले, तर हिशेब फारसा बदलत नाही. रेनोकडून आलेल्या कार्लोस घोन यांनी १८ ऑक्टोबर १९९९ रोजी जाहीर केलेल्या आराखड्यात म्हणूनच नोकऱ्या १,४८,००० वरून १,२७,००० वर आणण्याबरोबर टोकियोजवळच्या मुरायामा कारखान्यासह पाच कारखाने बंद करण्याचे ठरले. माणसे आणि क्षमता या दोन्ही गोष्टी एकत्र खाली आल्या. मी पाहिलेल्या अनेक फसलेल्या प्रयत्नांत माणसे गेली, शेड मात्र तशाच राहिल्या.

त्या आराखड्यातील बचत मुख्यतः कोठून आली, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे. लोकांना कमी केलेल्या नोकऱ्यांचा २१,००० हा आकडा आठवतो. निस्सानच्या एकूण खर्चापैकी सुमारे ६० टक्के खर्च खरेदीवर होत होता आणि आराखड्यातील सर्वांत मोठे लक्ष्य तेच होते: तीन वर्षांत खरेदीखर्च २० टक्क्यांनी कमी करणे आणि ११४५ पुरवठादारांवरून ६०० वर येणे. त्याशिवाय कंपनीने वर्षानुवर्षे मैत्रीखातर धरून ठेवलेले १३९४ कंपन्यांचे शेअर तपासले गेले आणि त्यांपैकी अवघ्या चार कंपन्यांतील गुंतवणूक आवश्यक ठरली. बाकीची विकून कर्ज फेडण्याची वाट मोकळी झाली.

आपल्याकडच्या कारखान्याला हा हिशेब लावून पाहता येतो. समजा, एका कंपनीची वार्षिक विक्री १००० कोटी रुपये आहे, तिचा पगारखर्च १२० कोटी आहे आणि कच्च्या मालासह एकूण खरेदी ६०० कोटींची आहे. चौथा हिस्सा माणसे कमी केली, तर वर्षाला ३० कोटी वाचतील. परंतु निघून जाणाऱ्यांना सरासरी दोन वर्षांच्या पगाराइतकी रक्कम द्यावी लागली, तर ६० कोटी आज हातचे जातील आणि पहिली दोन वर्षे ते भरून काढण्यातच सरतील. खरेदीत ५ टक्के वाचवले, तरी तेवढेच ३० कोटी वाचतात आणि त्यासाठी कोणाच्या घरातली चूल थंडावत नाही. भंगारात जाणारा माल, दोनदा करावे लागणारे काम, गोदामात पडून राहिलेला साठा आणि वसूल न झालेली उधारी ही सारी खाती नीट पाहिल्यावर व्यवस्थापनाने कपातीकडे वळावे, असे माझे मत मी प्रत्येक संचालक मंडळापुढे मांडत आलो आहे. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो, कारण खरेदीखात्याला हात घालणे म्हणजे जुन्या संबंधांना हात घालणे असते आणि कामगारांची यादी करणे त्या मानाने सोपे वाटते.

निस्सानने मिळालेली उसंत वापरली ती नव्या गाड्यांसाठी. खर्चाला कात्री लावत असतानाच तीन वर्षांत २२ नवी मॉडेल्स आणण्याचे जाहीर झाले आणि इसुझू या दुसऱ्या जपानी मोटार कंपनीतून शिरो नाकामुरा यांना आणून गाड्यांचा रचनाविभाग (डिझाइन) त्यांच्या हाती सोपवला गेला. विभागाविभागांतील माणसे एकत्र करून नऊ गट नेमले गेले, त्यांतील बहुतेक सदस्य कंपनीचेच मधल्या फळीतले जपानी अधिकारी होते, आणि आराखड्याचा कच्चा माल त्यांच्याकडूनच आला. या मधल्या फळीला रोग ठाऊक असतो. तिला विचारणारा कोणी नसतो, हे मी आमच्याकडेही पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. ठरलेल्या मुदतीत कंपनी नफ्यात आली नाही, तर वरिष्ठ व्यवस्थापन राजीनामा देईल, असेही घोन यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले होते. १९९९-२००० या वर्षी कंपनीला सुमारे ६८,००० कोटी येन तोटा झाला आणि पुढच्याच वर्षी सुमारे ३३,००० कोटी येन नफा झाला. पहिल्या वर्षाच्या तोट्यात पुनर्रचनेचा सगळा खर्च एकदम दाखवलेला असल्याने ही उडी आहे त्याहून मोठी दिसते, हे ध्यानात घ्यावे; तरीही कर्ज फिटले, गाड्या खपू लागल्या आणि २००३ मध्ये चीनच्या डाँगफेंग या मोटार कंपनीबरोबर मोठी भागीदारी झाली.

या यशाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. मुरायामाच्या कामगारांना दुसऱ्या कारखान्यांत जाण्याचा पर्याय होता, परंतु घर, मुलांची शाळा आणि म्हातारे आईवडील सोडून दूरच्या गावी जाणे प्रत्येकाला जमणारे नव्हते. पुरवठादारांत तर उलथापालथ झाली. पोलादाची खरेदी निवडक कारखान्यांकडे वळवल्यामुळे एनकेके या पोलाद कंपनीला मोठा फटका बसला आणि पुढे २००२ मध्ये तिचे कावासाकी स्टीलबरोबर विलीनीकरण होऊन जेएफई हा समूह तयार झाला. मोठी कंपनी सावरते तेव्हा तिच्या अंगावरचा भार पुष्कळदा छोट्यांच्या अंगावर सरकलेला असतो. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

आपल्याकडेही याच सुमारास तीन मोठ्या कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने हा रस्ता कापला आणि त्या तिन्हींची तुलना उद्बोधक आहे.

टाटा स्टील तोट्यात नव्हती, परंतु १९९१ नंतर आयात खुली होत गेल्यावर जमशेदपूरची प्रचंड मनुष्यसंख्या परवडणार नाही, हे तिने वेळीच ओळखले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ७८,००० असलेली संख्या साधारण बारा वर्षांत निम्म्यावर आली. तिच्या मुदतपूर्व निवृत्ती योजनेचे वैशिष्ट्य असे की, निघून जाणाऱ्याला एकरकमी पैसे हातात ठेवण्याऐवजी निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा वेतन मिळत राहण्याची सोय होती. एकरकमी पैसा घराचा मजला चढवण्यात, मुलीच्या लग्नात आणि एखाद्या फसव्या ठेव योजनेत कसा संपतो, हे मी पिंपरी-चिंचवडमध्ये इतक्या वेळा पाहिले आहे की मला ही दरमहाची पद्धत सर्वांत माणुसकीची वाटते. कंपनीलाही त्यात फायदा होता, कारण एकाच वर्षी मोठी रक्कम उभी करावी लागत नव्हती आणि वेतनवाढीचा भार थांबत होता. या सर्व काळात जुन्या यंत्रणेच्या जागी नवी झोतभट्टी आणि २००० सालच्या सुमारास शीत पत्रा गिरणी (थंड अवस्थेत पोलादाचा पातळ पत्रा लाटणारा कारखाना) उभी राहत होती. म्हणजे माणसे कमी होण्याचा आणि नवे तंत्र येण्याचा वेग एकमेकांशी जुळवलेला होता.

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, २०००-०१ मध्ये ५०० कोटी रुपयांच्या तोट्यात गेली. इतका तोटा तिने पूर्वी कधी पाहिला नव्हता. ट्रकची मागणी कोसळली होती आणि इंडिकावर मोठा पैसा गुंतला होता. स्वेच्छानिवृत्ती झाली, खरेदीखर्चावर कसून काम झाले, परंतु त्याच काळात सुधारित इंडिका व्ही-टू बाजारात आणण्याचे काम थांबवले गेले नाही, ही खरी निर्णायक गोष्ट होती. २००२-०३ मध्ये कंपनीने ३०० कोटी रुपये नफा मिळवला आणि मे २००५ मध्ये आलेल्या एस या छोट्या मालवाहू गाडीने तिला एक नवीनच बाजारपेठ मिळवून दिली. तोट्याच्या वर्षात संशोधनाचा पैसा गोठवला असता, तर ही गाडी दिसली नसती.

बजाज ऑटोची गोष्ट आम्हा पुणेकरांना अधिक जवळची आहे. ही कंपनीही बुडत नव्हती, परंतु स्कूटरचा जमाना संपत आला होता आणि मोटारसायकलींच्या जोरावर हीरो होंडा पुढे निघून गेली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात वीस हजारांहून अधिक माणसे साधारण १० लाख वाहने बनवत होती. दहा वर्षांनी त्याच्या निम्म्याहून कमी माणसे दुपटीहून अधिक वाहने बनवू लागली. यामागे स्वेच्छानिवृत्ती होती, चाकणचा नवा कारखाना होता आणि नोव्हेंबर २००१ मध्ये आलेली पल्सर होती. यांतली पल्सर वजा केली, तर उरलेल्या दोन गोष्टींनी कंपनी फक्त लहान झाली असती. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतील जुन्या कारखान्याचे उत्पादन थांबले, त्या वेळी उत्तराखंडातील पंतनगरचा करसवलतीचा कारखाना सुरू झालेला होता. कंपनीचा आलेख वर गेला. आकुर्डीच्या फाटकासमोर चहाची टपरी चालवणाऱ्याचा, भाड्याने खोल्या देणाऱ्याचा आणि पहिल्या पाळीला डबे पोहोचवणाऱ्या बाईंचा आलेख त्याबरोबर वर गेला नाही. म्हणून ‘सावरली का’ या प्रश्नाला ‘कोणासाठी’ हा उपप्रश्न मी नेहमी जोडतो. मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतीत तर तो टाळताच येत नाही: काही गिरणी कंपन्यांचे भागधारक जमिनीच्या जोरावर उत्तम सावरले, परंतु ज्या लाखो माणसांनी १८ जानेवारी १९८२ च्या संपापूर्वी तेथे साचे (माग) चालवले होते त्यांच्यासाठी तो व्यवसाय कायमचा संपला.

आता आपल्या कायद्याचा भाग, कारण त्यामुळेच आपल्याकडची कपात जपान-अमेरिकेपेक्षा वेगळे वळण घेते. वर्तमानपत्रांत ‘ले-ऑफ’ हा शब्द सरसकट वापरला जातो, परंतु आपल्या औद्योगिक कायद्यात त्याचा अर्थ तात्पुरते काम न देणे असा आहे आणि त्या काळात कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के रक्कम मिळते. कायमचे कमी करणे म्हणजे कामगार कपात. तिच्यासाठी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला अशा कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक होती, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. परवानगी सहसा मिळत नसे, म्हणून मोठ्या कंपन्यांनी स्वेच्छानिवृत्तीची वाट धरली. तिच्यात मिळणाऱ्या रकमेवर ५ लाख रुपयांपर्यंत प्राप्तिकर माफ होत आला, परंतु त्यासाठी प्राप्तिकराच्या नियमांत अशी अट होती की रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही.

या वाटेत एक मोठा खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलेल्या कारखान्यात होतो. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. भोसरी परिसरातल्या त्या कारखान्यात योजनेची नोटीस सर्व विभागांसाठी सरसकट लावली गेली आणि अर्ज नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाने स्वतःकडे ठेवला नाही. अपेक्षा अशी होती की पॅकिंग, गोदाम आणि जुन्या लेथवरची वयस्कर माणसे जातील. प्रत्यक्षात पहिले अर्ज आले ते टूलरूममधून, कारण ज्याच्या हातात कसब आहे त्याला बाहेर कामाची भीती नसते. प्रोग्रेसिव्ह डाय (पत्र्याचा भाग टप्प्याटप्प्याने घडवणारा साचा) नुसत्या आवाजावरून ओळखणारे, शिम (फट भरणारी पातळ पट्टी) किती जाडीची घालावी हे बोटाने चाचपून सांगणारे आमचे फिटर तीन आठवड्यांत निघून गेले. पुढच्या तिमाहीत पत्र्याच्या भागांना कड येऊ लागली, रिजेक्शन वाढले, ग्राहकाने प्रत्येक खेप तपासून घ्यायला सुरुवात केली आणि पगारात जे वाचले होते ते चांगले-खराब भाग निवडण्याच्या मजुरीत आणि दंडात गेले. त्यांना कामावर परत घेण्याची सोय नव्हती. त्यांच्यापैकी तिघांनी मिळालेल्या पैशातून शेड भाड्याने घेऊन छोटे वर्कशॉप थाटले होते; शेवटी आम्हाला आमच्याच डाय दुरुस्तीसाठी टेम्पोत घालून त्यांच्याकडे पाठवाव्या लागल्या. त्यांनी ते काम मनापासून केले, जुना राग धरला नाही, याबद्दल मला आजही त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते.

कारखान्याच्या ताळेबंदात यंत्रांची किंमत असते, या कसबाची नसते. त्यामुळे ते गेल्याचे ताळेबंदात दिसत नाही आणि जेव्हा दिसते तेव्हा ग्राहक हातचा गेलेला असतो. बोइंगसारख्या कंपनीलाही हे चुकले नाही. कोविडच्या काळात हजारो अनुभवी माणसे बाहेर पडली आणि मागणी परत आल्यावर नवख्या माणसांच्या भरवशावर उत्पादन वाढवले गेले. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला, तेव्हा तपासात आढळले की तो धरून ठेवणारे चार बोल्टच बसवलेले नव्हते. त्या घटनेला अनेक कारणे होती, आणि चौकशी मंडळाने प्रशिक्षण, मार्गदर्शन व देखरेख यांतील उणिवांवर स्पष्ट बोट ठेवले. देखरेख करणारा अनुभवी डोळा कमी झाला की काय होते, हे समजण्यासाठी मला त्याहून बोलका दाखला लागत नाही.

आता निस्सानच्या दुसऱ्या प्रसंगाकडे येतो. पहिल्या यशानंतर कंपनीला आकड्यांच्या लक्ष्यांची सवय लागली. २०११ मध्ये तिने जगाच्या बाजारपेठेत ८ टक्के वाटा आणि ८ टक्के नफा असे दुहेरी लक्ष्य ठेवले. वाटा वाढवण्यासाठी अमेरिकेत मोठ्या सवलती देऊन आणि भाड्याच्या ताफ्यांना गाड्या विकून खप फुगवला गेला; अशा खपाने कारखाने भरतात, परंतु जुन्या गाडीची किंमत घसरते आणि ग्राहक पुढच्या वेळी सवलतीवाचून गाडी घेत नाही. २०१० च्या अखेरीस लीफ ही विजेवर चालणारी मोटार आणून मिळवलेली आघाडी हातून निसटू दिली गेली आणि अमेरिकेत पेट्रोल-वीज अशा दुहेरी शक्तीच्या गाड्यांची मागणी वाढली तेव्हा निस्सानकडे तेथे विकायला तशी गाडीच नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये घोन यांना अटक झाली आणि कंपनीचे वरचे वर्तुळ आपसांतच गुंतून पडले. वर्षाला ५७ लाखांच्या पुढे गेलेला खप २०२४-२५ मध्ये ३३ लाखांच्या आसपास आला आणि त्या वर्षी सुमारे ६७,००० कोटी येन तोटा झाला.

या उतरणीत कपात किती वेळा झाली ते पाहावे. जुलै २०१९ मध्ये १२,५०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले. मे २०२० मध्ये क्षमता २० टक्क्यांनी घटवण्याचे आणि बार्सिलोनाचा कारखाना बंद करण्याचे ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ९००० नोकऱ्या आणि पुन्हा २० टक्के क्षमता. त्यानंतर होंडाबरोबर एकत्र येण्याची बोलणी झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती फिसकटली. मे २०२५ मध्ये, नवे प्रमुख इव्हान एस्पिनोसा आल्यानंतर, आधीच्या ९००० धरून एकूण २०,००० नोकऱ्यांचा आकडा पुढे आला. जुलैमध्ये जपानमधील, १९६१ पासून चालू असलेल्या ओप्पामा कारखान्यातील उत्पादन मार्च २०२८ पर्यंत थांबवण्याचे जाहीर झाले, ज्या कारखान्यातून पहिली लीफ बाहेर पडली होती. आपल्या देशातही याचे पडसाद उमटले: चेन्नईजवळच्या ओरगडम कारखान्यातील निस्सानचा ५१ टक्के हिस्सा रेनोने घेण्याचे ठरले.

माझ्या दृष्टीने १९९९ आणि आजच्या परिस्थितीतला सर्वांत चिंताजनक फरक हाच आहे. त्या वेळी एकदाच, एका दिवशी, संपूर्ण आकडा सांगितला गेला आणि राहिलेल्यांना कळले की आता आपण राहणार. या वेळी सहा वर्षांत पुन्हा पुन्हा सुरी चालली. दर वर्षा-दोन वर्षांनी कपात होते, तेव्हा राहिलेला माणूस कामाकडे पाहत नाही, तो नोटीसबोर्डाकडे पाहतो. सुपरवायझर चूक वर कळवत नाही, चांगला अभियंता गुपचूप दुसरीकडे मुलाखत देऊन येतो आणि पुरवठादार नवी डाय बनवण्याआधी आगाऊ पैसे मागतो. शिवाय १९९९ मध्ये पाठीशी रेनोचा पैसा होता आणि पुढे अमेरिका व चीन यांच्या वाढत्या बाजारपेठा होत्या. आज चिनी कंपन्याच स्पर्धक म्हणून उभ्या आहेत. त्यामुळे निस्सान पुन्हा उभी राहणे अशक्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण या वेळी कारखाने कमी करण्याचा निर्णय माणसांच्या कपातीबरोबर घेतला गेला आहे आणि ती योग्य दिशा आहे. परंतु १९९९ पेक्षा हे काम बरेच अवघड आहे, आणि तिचे भवितव्य २०,००० या आकड्यापेक्षा पुढच्या दोन-तीन वर्षांत येणाऱ्या गाड्यांवरून ठरेल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्नकर्त्यांना स्वतःच्या कंपनीविषयी निर्णय घ्यायचा आहे, म्हणून काही गोष्टी थेट सांगतो. योजनेची नोटीस लागेल तेव्हा रकमेच्या आधी एक वाक्य शोधावे: अर्ज नाकारण्याचा किंवा विभागवार मर्यादा घालण्याचा अधिकार व्यवस्थापनाने ठेवला आहे का? ठेवला असेल, तर कोणाला थांबवायचे याचा विचार झालेला आहे. त्यानंतर टूलरूम, मेंटेनन्स आणि गुणवत्ता विभागांतील कोण कोण जाणार आहेत, ते पाहावे. हिशेब विभागातील तरुण माणसे आपण होऊन निघू लागली असतील, तर तोही महत्त्वाचा इशारा समजावा, कारण रोखीची स्थिती त्यांना सर्वांत आधी कळते. पुरवठादारांची देणी ६० दिवसांवरून ९० आणि १२० दिवसांवर जात असतील आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा उशिरा होत असेल, तर कपातीने मिळालेली उसंत आधीच संपली आहे, असे मानून चालावे.

याच्या उलट, त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात नव्या मॉडेलच्या डाय, चाचणी उपकरणे किंवा एखादे नवे यंत्र यांसाठी खरोखर मंजूर पैसा असेल, ग्राहकाकडून पुढच्या तीन वर्षांच्या भागांची लेखी मागणी आलेली असेल आणि कपात वरच्या मजल्यावरही झालेली असेल, तर मी त्या कंपनीत थांबेन. वरच्या मजल्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कामगारांना घरी पाठवून त्याच वर्षी संचालकांचे मानधन वाढवणाऱ्या कारखान्यात पुढचा वेतनकरार शांततेत झालेला मला आठवत नाही.

आणखी एक आकडा कोणत्याही घोषणेत नसतो, तो कंत्राटी कामगारांचा. कायम कामगारांच्या योजनेची चर्चा वर्षभर चालते, युनियन भांडते, वर्तमानपत्रात बातमी येते. त्याच्या सहा महिने आधी ठेकेदाराची शे-दोनशे मुले एका शनिवारी हजेरीपटावरून कमी झालेली असतात आणि त्यांना ना रक्कम मिळते, ना निरोप. कंपनीची खरी स्थिती जाणून घ्यायची असेल, तर पाळी सुटताना फाटकावर उभे राहून ही मुले किती उरली आहेत ते मोजावे. तुमच्या लाइनवर अशी जी मुले असतील, त्यांतल्या हुशार मुलांना यंत्राचे सेटिंग आणि ड्रॉइंग वाचणे आत्ताच शिकवायला घ्या, कारण जुने फिटर गेल्यावर तुमची लाइन त्यांच्याच हातावर चालणार आहे, आणि कंपनी नाहीच टिकली तर दुसऱ्या फाटकावर त्यांना दाखवायला ते कसब तरी असेल.